खाण बंद झाली, नदीचं काय? कोकणातल्या खाणी, वहाळ आणि खाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात ग्रामसभा असो, एसटी स्टँड असो की लग्नाचा मांडव, खाणीचा विषय निघाला की प्रश्न तेच येतात. मी शास्त्रज्ञ नाही. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला खाण होती, ती बंद पडली, आणि त्यानंतर बरीच वर्षं मी वहाळाचं (ओढ्याचं) पाणी बाटल्यांत भरून पडवीच्या खिडकीत ठेवत आलो. घरचे वैतागले, पण वाचून, विचारून आणि बाटल्या बघून जे कळलं ते इथे मांडतो.

पावसाळ्यात कोकणातलं पाणी तांबडंच असतं. त्यात खाणीचा काय दोष?

हा प्रश्न बहुतेक वेळा खाणीच्या बाजूने बोलणारे विचारतात, पण प्रश्न खोटा नाही. आपली माती जांभ्याची. मिरगाच्या पहिल्या पावसात प्रत्येक पऱ्या नि वहाळ तांबडाच वाहतो, खाण असो वा नसो. फरक बघायचा तो उघडीप पडल्यावर. जंगलातून येणारा वहाळ पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत निवळतो, तळाचे गोटे दिसायला लागतात. खाणीखालचा वहाळ चार दिवस ऊन पडलं तरी चहासारखाच राहतो. गणपतीत, पाऊस ओसरल्यावरही तसाच. आणि पाऊस नसताना अचानक तांबडा झाला, तर वर कोणीतरी खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून सोडलंय असं समजा.

माझी चाचणी अगदी घरगुती आहे. काचेच्या दोन बाटल्या, एक खाणीच्या वरच्या बाजूला भरलेली, एक खालच्या. दोन्ही खिडकीत. वरची संध्याकाळपर्यंत निवळते, तळाला चिमूटभर रेती. खालची दुसऱ्या दिवशी दुपारीही लालसर असते, आणि तळाला बोटभर जाडीचा मऊ थर, बाटली जराशी हलवली की धुरासारखा पुन्हा वर उठणारा.

कोकणात कसल्या खाणी आहेत?

लोहखनिज म्हटलं की रेडी आणि कळणे. रेडीच्या खाणी जुन्या. तिथली द्विभुज गणपतीची मूर्ती १९७६ साली खाणीच्या परिसरातच सापडली, हे भाविकांना माहीत असतं, खाणीच्या खड्ड्यांकडे मात्र त्यांचं लक्ष जात नाही. कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळू, ती धुऊन काढतात. दापोली-मंडणगडच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) बॉक्साइट. त्याशिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात सगळीकडे चिरेखाणी, आणि खाड्यांत सक्शन पंप लावून चाललेला वाळूउपसा. तेरेखोलपलीकडे गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे हा तर लोहखनिजाचाच पट्टा. नद्यांना राज्याची हद्द कळत नाही. तिळारी दोडामार्गातून उतरते आणि गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते.

खाण बंद होऊन दहा वर्षं झाली. तरी नदी गढूळ का?

कारण खाण बंद होते म्हणजे माणसं आणि यंत्रं निघून जातात. डोंगराएवढी टाकाऊ माती तिथेच राहते. गोव्याच्या खाणींत एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. खनिज बार्जमधून गेलं, ही माती ढिगांच्या रूपात उतारावर उभी. तिच्यावर ना झाड, ना गवत. आणि वर कोकणचा पाऊस, म्हणजे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर. आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. ढिगाला घळी पडतात, घळी दर वर्षी मागे मागे खात जातात, आणि कामगार एकही नसताना दर जूनला वरून पुन्हा माती येते.

दुसरा हिशेब नदीच्या पोटातला. जो गाळ आधीच उतरलाय तो एकदम समुद्रात जात नाही. कोंडीत (डोहात) बसतो, वळणावर बसतो, पुढच्या मोठ्या पुरात थोडा पुढे सरकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर फोडत. शेतकऱ्यांच्या शेतात गाळ शिरला, ते न्यायालयात गेले, आणि १८८४ च्या निकालाने ते काम थांबलं. पुढे गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने त्या नद्या मोजल्या. त्याचा अहवाल १९१७ चा. त्यात दाखवलंय की गाळ एखाद्या लाटेसारखा नदीतून खाली सरकतो: वरच्या भागात तळ पुन्हा खोल होऊ लागलेला असतो तेव्हा खालच्या गावांत तो अजून चढत असतो. म्हणून वरच्या वाडीतला माणूस 'सुधारलं' म्हणतो आणि खाडीकाठचा म्हणतो 'यंदा जास्तच भरलं', तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. त्या खोऱ्यातला गाळ आणि सोनं वेगळं काढायला वापरलेला त्यातला पारा आजही पूर्ण गेलेला नाही.

आपल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यामुळे वरचा भाग तुलनेने लवकर धुतला जातो. पण त्याच कारणाने सगळा माल खाडीत येऊन थांबतो.

खाणवाले सांगतात, गाळ बसवायला तळी बांधली आहेत. मग पाणी लाल कसं?

तळी असतात, कागदावर तर नक्कीच. अडचण कणाच्या आकाराची आहे. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली बसायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण तीनेक तास. आणि चिकणमातीचा कण, मिलिमीटरचा हजारावा भाग, तोच मीटर उतरायला बारा-तेरा दिवस घेतो. तेही पाणी अगदी निवांत असेल तर.

जुलैमध्ये तळ्यात निवांत काय असतं? एका रात्रीत शे-दोनशे मिलिमीटर पडला की तळं तासाभरात ओसंडतं. जांभ्याच्या खाणींत बारीक मातीच जास्त, म्हणजे जे अडवायचं तेच अडत नाही. तळं अडवतं ती वाळू, आणि ती नसती अडवली तरी वहाळाने स्वतः कुठेतरी टाकलीच असती. तळ्यांचा उपयोग शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण पावसाआधी ती उपसलेली आहेत का, हे मे महिन्यात जाऊन बघा. आमच्याकडची तळी मी मे महिन्यात तीन वेळा पाहिली. दोनदा काठोकाठ गाळाने भरलेली होती आणि त्यावर गुरं चरत होती.

खाडीत गाळ गेला तर काय बिघडतं? समुद्र एवढा मोठा आहे.

समुद्रापर्यंत बराचसा जातच नाही. गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की ते एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि खाली बसतात. जिथे गोडं-खारं मिसळतं तिथेच, म्हणजे नेमकं जिथे तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणि कालवं असतात तिथे.

तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना विचारा. त्या पायाच्या बोटांनी सांगतात: पूर्वी वाळूत पाय रुतत नसे, आता घोट्यापर्यंत मऊ चिखल. तिसरी पाणी गाळूनच पोट भरते. पाण्यात माती जास्त झाली की शिंपला मिटून बसते, आणि फार काळ मिटून राहिली की मरते. तळ उथळ झाला की होड्यांची वाट बंद होते, उधाणाचं पाणी खाजणाच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) बांधावरून आत येतं आणि पावसाचं पाणी बाहेर जायला मार्ग राहत नाही. पुराचा आणि गाळाचा संबंध कोकणाला २२ जुलै २०२१ च्या चिपळूणने दाखवला. तिथे पाऊस प्रचंड होता, कारणं अनेक होती आणि तो गाळ काही खाणींचा म्हणून ओळखला जात नाही. पण नदीचं पोट भरलेलं असलं की काय होतं ते वाशिष्ठीकाठी सगळ्यांनी पाहिलं.

वहाळातले मासे गेले कुठे?

गोटा उचलून बघा. चांगल्या वहाळात गोट्याखाली पोकळी असते, तिथे बारीक किडे, शिंपुल्या, एखादी कुर्ली दडलेली असते. खाणीखालच्या वहाळात गोटा सहज उचलत नाही, सिमेंटात बसवल्यासारखा असतो. पोकळ्या मातीने भरलेल्या. किड्यांना जागा नाही, म्हणून माशांना खाणं नाही. गोट्यांत घातलेली अंडी मातीखाली गुदमरतात.

वेळही वाईट जुळते. चढणीचे मासे पहिल्या पावसात अंडी घालायला वर निघतात. आठ महिने ढिगावर सुटी झालेली माती धुऊन आणणारा लोंढाही तोच, पहिल्या पावसाचा. वर्षातलं सगळ्यात गढूळ पाणी आणि माशांची वरात एकाच आठवड्यात समोरासमोर येतात.

पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. खाणीतून डिझेल सोडतात का?

काठीने तवंग फोडा. तुकडे होऊन काचेसारखे तसेच राहिले, तर ती लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची साय. पुन्हा एकत्र येऊन जुळला तर तेल. पहिली साय, आणि तिच्याबरोबर झऱ्याच्या तोंडाशी येणारा नारिंगी शेवाळासारखा लगदा, जांभ्याच्या मुलखात खाण नसतानाही दिसतात. तक्रार करण्याआधी काठी मारून बघाच, नाहीतर पाहणीला आलेला अधिकारी हसतो आणि पुढच्या खऱ्या तक्रारीलाही हसतो.

मेघालयात खाणींमुळे नद्या आम्लधर्मी झाल्या म्हणे. आपल्याकडे तसं होईल?

तिथला मामला वेगळा. कोळशाबरोबर गंधकयुक्त खनिज असतं. हवा-पाणी लागलं की त्याचं आम्ल होतं, आम्ल धातू विरघळवतं. लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते ती त्या भागातल्या अशाच पाण्यामुळे. स्पेनमध्ये रिओ तिंतो नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात हजारो वर्षं खाणकाम चाललं आणि पाणी अजून लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे. एकदा हे चक्र सुरू झालं की शतकांचा हिशेब लागतो.

आपलं लोहखनिज मुख्यतः आधीच गंजलेलं, ऑक्साइड स्वरूपातलं आहे. त्यात गंधक फारसं नाही. म्हणून कोकणातला मोठा त्रास आम्लाचा नसून गाळाचा, आणि त्यामागोमाग लोह व मँगनीजचा. कणकवलीजवळ क्रोमाइट आहे. तिथे कधी मोठं खोदकाम निघालं तर ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्याकडे बघून मगच बोलावं. तिथल्या खाणींच्या पाण्यातलं विषारी क्रोमियम हा कित्येक दशकांचा प्रश्न आहे.

खाण डोंगरावर, विहीर खाली. विहीर का आटते?

जांभा म्हणजे स्पंज. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि उताराला झऱ्यांनी बाहेर येतो. आपल्या विहिरी, कुळागरांचे (नारळी-पोफळीच्या बागांचे) पाट, देवाच्या तळ्या, सगळं या झऱ्यांवर. बॉक्साइट किंवा लोहखनिज काढायचं म्हणजे हा स्पंजच उचलून न्यायचा. शिवाय खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी खड्ड्याकडे रिकाम्या होतात. गोव्यातलं शिरगाव हे लईराईच्या जत्रेचं गाव. तिथल्या विहिरी अशाच कोरड्या पडल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

उपसा थांबला की पातळी वर येते. स्पंज मात्र परत येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात विहीर भरलेली आणि शिमग्यापर्यंत तळ दिसतो, असं चित्र कायमचं होऊन बसतं.

बंद खाणीत छान निळं-हिरवं पाणी साठलंय. नळयोजनेला वापरायला काय हरकत?

तपासणी करून, गरज असेल ती प्रक्रिया करून वापरता येतं, काही ठिकाणी वापरतातही. मला भीती पाण्याची कमी आणि कडांची जास्त वाटते. २९ जुलै २०२१ ला, चिपळूणच्या पुराला आठवडा होत असताना, कळण्याच्या खाणीची कड खचली आणि साठलेलं पाणी चिखलासकट गावात घुसलं. शेती-बागायती आणि घरं त्याखाली सापडली. ब्राझीलमध्ये २०१५ ला मारियाना आणि २०१९ ला ब्रुमाजिन्यो इथे लोहखनिजाच्या गाळाचे बांध फुटले, दुसऱ्या ठिकाणी २७० माणसं गेली. आपल्या शेजारी कर्नाटकात कुद्रेमुखची खाण २००५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली, पण लख्या धरणामागे साठवलेला गाळ अजून तिथेच आहे आणि धरण कायम राखावं लागणार आहे. पोहायला तर खड्ड्यात अजिबात उतरू नका. कडा उभ्या असतात, पाय ठेवायला पायरी नसते.

पाणी उकळून प्यायलं तर चालेल?

उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटून थोडे वाढतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, मँगनीजची ०.१ (दुसरा स्रोतच नसेल तर ०.३), गढूळपणाची १, फार तर ५ एकक. तुरटीने माती बसते. लोह कमी करायला पाणी उंचावरून पातळ धारेने ओतून हवा लागू द्यायची, रात्रभर ठेवायचं आणि वाळूतून गाळायचं. मँगनीज मात्र एवढ्याने हटत नाही. भांड्याला काळपट थर येत असेल तर पाणी तपासून घ्या.

मळ्यात खाणीचा गाळ बसलाय. नांगरून मातीत मिसळू?

पातळ थर असेल तर मिसळा. वीतभर असेल तर काढूनच टाकावा लागतो. हा गाळ ओला असताना लोण्यासारखा आणि सुकला की कौलासारखा. त्यात ना शेण, ना पालापाचोळा, मुळं आत जात नाहीत. वायंगणी (उन्हाळी) भातात पाणी सतत तुंबून राहिलं तर लोह विरघळून पानं तांबूस पडतात. अशा वेळी पाणी अधूनमधून सोडून शेत मोकळं करा, माती तपासून चुना द्या. काढलेला गाळ बांधावर रचू नका. पुढच्या पावसात तो परत मळ्यात येतो, हे आमच्या शेजाऱ्यांनी सलग दोन वर्षं करून दाखवलंय.

चिरेखाण केवढीशी ती! तिचं कसलं प्रदूषण?

एकीचं फार नाही. एका सड्यावर चाळीस असल्या की हिशेब बदलतो. चिरे कापताना उडणारा भुगा पावसात वहाळात जातो, आणि खड्डे तसेच सोडून माणसं पुढच्या सड्यावर जातात. कायद्यातही फट आहे: जांभा आणि सिलिका वाळू ही २०१५ पासून गौण खनिजं आहेत, त्यामुळे मोठ्या खनिजांना लागू असलेले खाण बंद करतानाच्या आराखड्याचे केंद्रीय नियम त्यांना लागत नाहीत, सगळं राज्याच्या हातात. एक गोष्ट मात्र ठाऊक असू द्या. दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी.

तक्रार कुठे करायची?

गढूळ पाण्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, उत्खननाची जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे आणि तहसीलदारांकडे. पोच घ्या. महिनाभराने माहिती अधिकारात विचारा की काय केलं. हरित लवादात वाद न्यायचा तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा, भरपाईसाठी पाच वर्षांत. आमच्याकडच्या एका प्रकरणात सगळे पुरावे होते, तारीख गेली होती.

नवी खाण येऊ घातली असेल तर जनसुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मराठी गोषवारा मागून घ्या आणि त्यात आपला वहाळ नकाशावर आहे का ते आधी पाहा. मी पाहिलेल्या एकात बारमाही झरा 'हंगामी नाला' झाला होता.

आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानबद्दल विचारा. २०१५ पासून जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्या खाणपट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते, ती खाणग्रस्त गावांसाठी आहे. ती समाजमंदिरांच्या लाद्यांवर जास्त खर्च होऊ नये, वहाळाच्या उपशावर व्हावी, असा ठराव ग्रामसभेला करता येतो.

तपासणीसाठी नमुना कसा भरायचा?

एकाच दिवशी, खाणीच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी. वरचा नमुना नसेल तर खालच्याला किंमत नाही. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, प्रवाहाच्या मधोमध, तोंड वाहत्या पाण्याकडे करून भरा, बूच पाण्याखालीच लावा. तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही, हे बाटलीवर लिहा, कारण कागद हरवतो. धातू तपासायचे असतील तर प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागा (ती विसळायची नाही, बुडवायचीही नाही, दुसऱ्या भांड्याने भरा). भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. जूनचा पहिला लोंढा, श्रावणातली उघडीप आणि मार्च, असे तीन नमुने मिळाले तर चित्र बऱ्यापैकी कळतं.

"पाणी निवळला मां, आता कित्याक बोंबलतास?"

हा प्रश्न मला आमच्याच वाडीतल्या काकांनी विचारला, आणि त्यांचं बरोबरही होतं. ढिगावर शेवरी, बांबू आणि गवत धरलं, तळ्यांच्या सांडव्यांना दगड लावले, त्यानंतर चार-पाच पावसांत उघडिपीचं पाणी निवळायला लागलं. माती उतारावर धरली की नदी लवकर प्रतिसाद देते. कातळावर मात्र झाडं धरत नाहीत, तिथे आधी गवतच.

काकांना मी कोंडीवर नेलं. लहानपणी ते तिथे वडाच्या फांदीवरून उड्या मारत. फांदी आहे. त्यांनी काठी बुडवली, ती मांडीएवढ्या पाण्यात तळाला टेकली, आणि तळातून अजून तेवढीच आत गेली. बाहेर काढली तर खालची अर्धी काठी तांबडी.

"म्हणजे ह्या सगळा हयच आसा," काका म्हणाले, आणि काठी वहाळात धुऊन घेतली.